पाय, फूस आणि घरातली भाषा

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी जत तालुक्यातली, जिल्हा सांगली. नर्सिंग पुण्यात केलं, बारा वर्षं तिथंच नोकरी केली आणि दोन वर्षांपूर्वी जर्मनीत आले. स्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या रुग्णालयात काम करते. माझ्या शिक्षणाला इथली मान्यता, म्हणजे 'आनएर्केनुंग', मिळायची आहे. तोवर मदतनीस म्हणूनच काम. जर्मनच्या बी-२ पातळीच्या परीक्षेत लेखी निघालं, बोलण्यात राहिले. वॉर्डात सगळे श्वेबिश बोलीत बोलतात, ती मला निम्मी कळत नाही. परवा एक आजी 'फूस दुखतोय' म्हणाल्या, मी पाऊल तपासत बसले आणि त्यांचं दुखणं होतं मांडीत.

लेक सहा वर्षांची आहे. मी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देते. परवा बसस्टॉपवर चार आयांसमोर तिनं मला दुरुस्त केलं: 'ममा, देअर मेसर नाही, दस मेसर!' मिस्टर म्हणतात, आता घरातही जर्मनच बोलू, तुझी परीक्षा निघेल आणि पोरीचंही भलं होईल. ओळखीच्या दोघातिघांनी हेच सांगितलं. आम्ही तसं ठरवतच होतो, पण २६ सप्टेंबरला तिच्या शाळेत भाषांचा दिवस आहे, मुलांनी घरच्या भाषेत काहीतरी म्हणून दाखवायचंय. ती म्हणाली, 'मला मराठी येत नाही, मी जर्मनच म्हणते.' त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी मराठी माध्यमाची, मला भाषा कधी जमल्याच नाहीत. पुण्यात होस्टेलवर 'मी जेवलो, मी आलो' म्हटलं की मुली हसायच्या. आता तेच पुन्हा चाललंय. घरात काय बोलू? तुम्ही मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. तुमची, एक वाचक."

—

अगं, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. घरात मराठी बोल. लेकीशी, नवऱ्याशी, फोनवर आईशी, भाजी चिरताना स्वतःशीसुद्धा. आणि ती पुण्याची करून बोलू नकोस, जतची जशी आहे तशीच बोल. जर्मनसाठी वॉर्ड आहे, बस आहे, वर्ग आहे, सगळं गाव आहे. मराठीला तिथं तुझं दोन खोल्यांचं घर सोडून दुसरी जागा नाही.

"मला भाषा कधी जमल्याच नाहीत" हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. जत तालुक्यात कितीतरी गावांत आजही घरात कानडी आणि बाजारात मराठी चालते. तुझ्या घरी कानडी होती की नाही, ते तू लिहिलेलं नाहीस, पण 'अक्का', 'अण्णा' म्हणत वाढली असशीलच. हे दोन्ही शब्द कानडीतून आपल्याकडे आले, आणि तुझ्या ताटातलं तूपसुद्धा. हिंदी तू पेशंटांकडून उचललीस, नर्सिंगची पुस्तकं इंग्रजीत वाचलीस. शाळेत भाषेच्या पेपरला कमी मार्क पडले म्हणून माणसाला भाषा येत नाही असं होत नाही. सीमेवरच्या गावात वाढलेलं पोर दोन भाषांमध्ये ये-जा करायला शाळेत जायच्या आधीच शिकलेलं असतं.

आता त्या आजींच्या पायाकडे वळू. पत्रात ते तू लाज म्हणून लिहिलंयस, आणि माझं नेमकं तिथंच एकमत होत नाही.

प्रमाण जर्मनमध्ये 'फूस' म्हणजे पाऊल आणि 'बाइन' म्हणजे मांडीपासून खालचा पाय. वर्गात तुला हेच शिकवलं. पण श्वेबिश बोलीत 'फूस' म्हणजे कंबरेपासून बोटांपर्यंत सगळाच. म्हणजे आपला 'पाय'! जतच्या सरकारी दवाखान्यात एखादी म्हातारी "पाय दुखालाय" म्हणाली असती, तर तू काय केलं असतंस? "कुठं, आज्जी? गुडघ्यात? मांडीत? दाखवा बघू" असं म्हणून हात लावून बघितलं असतंस. ते तुला आपोआप आलं असतं, कारण आपल्या 'पाय' शब्दाची व्याप्ती तुला ठाऊक आहे. इथं तू चुकलीस ती जर्मन कमी येतं म्हणून नाही. 'फूस' ऐकल्यावर तुझ्या डोक्यात आधी इंग्रजीतलं 'फूट' आलं, आणि 'फूट' म्हणजे पाऊल. मराठीतला 'पाय' आला असता तर तू बरोबर मांडीपर्यंत पोचली असतीस.

मला जे सांगायचंय ते हेच आहे. तू जर्मन इंग्रजीच्या आडून शिकतेयस. पुस्तकं तशी असतात, ॲप्स तशी असतात, यूट्यूबवरचे मास्तर तसे असतात. पण इंग्रजी हे तुझं घर नाही, तिथून कुठेही जायचं म्हणजे वळसाच पडतो. जर्मन मराठीतून शिकून बघ. आणि हे नुसत्या मायेपोटी म्हणत नाही, रोजच्या वापरातली उदाहरणं देते.

घड्याळ घे. मी जर्मनीत गेले तेव्हा पहिल्याच महिन्यात एका घरमालकिणीनं खोली बघायला 'हाल्ब द्राय'ला बोलावलं होतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं सगळं आठवत गेले आणि साडेतीनला दारात उभी राहिले. 'हाल्ब' म्हणजे अर्धा, 'द्राय' म्हणजे तीन, म्हणून साडेतीन असा माझा हिशोब. बाई अडीचपासून माझी वाट बघत होत्या. खोली दुसऱ्या कुणाला तरी गेली आणि मी रस्त्यावर येऊन रडले. 'हाल्ब द्राय' म्हणजे तिसऱ्या तासाचा अर्धा, म्हणजे अडीच. कितीतरी वर्षांनी मला कळलं, की आपला 'अडीच' शब्दही असाच घडलाय: संस्कृतातला 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा, प्राकृतातून घासत घासत 'अडीच' झाला. दीडही तसाच, दुसरा अर्धा. जी गणती मी परकी म्हणून घोकत होते, ती माझ्या आजीच्या तोंडी होती!

आणि तुझ्या भागात तर याहून पुढचं ऐकू येतं. श्वेबिश माणूस सव्वादोनला 'फिअर्टल द्राय' म्हणतो, म्हणजे तिसऱ्याचा पाव, आणि पावणेतीनला 'द्रायफिअर्टल द्राय', म्हणजे तिसऱ्याचे तीन पाव. उत्तर जर्मनीतून आलेले जर्मन डॉक्टरसुद्धा इथं गोंधळतात. तुझ्या वॉर्डात औषधाच्या वेळेचा प्रश्न आहे, तेव्हा एक सवय लावून घे. कुणी अशी वेळ सांगितली की ती चोवीस तासांच्या घड्याळात उलट बोलून दाखव: "म्हणजे चौदा पंचेचाळीस ना?" यात कमीपणा नाही, चांगली नर्स पुण्यातही हेच करते.

आकड्यांचंही तसंच. फोनवर लॅबमधून 'फ्युन्फ-उंड-फिअर्त्सिग' ऐकू आलं की इंग्रजीतून विचार करणारा आधी पाच ऐकतो, मग चाळीस, आणि घाईत ५४ लिहून बसतो. तू मनात 'पंचेचाळीस' म्हण. आधी पाच, मग चाळीस. अगदी त्याच क्रमानं! एकवीस, बावीस, त्रेचाळीस, सगळे आपले आकडे जर्मनसारखे एककापासून सुरू होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'ऐवजी 'वीस सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते तुला आठवत असेल. जर्मनीतही आकडे दशकापासून म्हणावेत असा आग्रह धरणारी एक संस्था आहे. पोरांना सोपं जावं हाच दोन्हीकडचा हेतू. मला मात्र 'सत्तावीस'च हवं, आणि तुझ्या कामाला तर ते फारच हवं.

वाक्याची रचना बघ. वर्गात सांगतात की 'वाइल' (कारण), 'ओब' (की नाही), 'दास' (की) आलं की क्रियापद शेवटी टाका, आणि सगळे चाचपडतात. 'ओब देअर आर्त्स्ट गेकोमेन इस्ट'. शब्दाला शब्द लावून बघ: डॉक्टर, आलेला, आहे. आपण "डॉक्टर आलेला आहे का" असंच म्हणतो. क्रियापद शेवटी ठेवायचं हे तुला शिकायचंच नाही, ती तुझी जन्माची सवय आहे. तुला फक्त मुख्य वाक्यात ते दुसऱ्या जागी आणायचं लक्षात ठेवावं लागेल.

उच्चारांतही एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. 'त्सुकर', म्हणजे साखर, आणि 'त्सान', म्हणजे दात, यातला पहिला आवाज लिहिताना 'त्स' लिहितात म्हणून आपण घाबरतो. तो आपल्या 'चमचा'तला च आहे. 'चहा'तला नव्हे, 'चमचा'तला, 'चांगला'तला. हिंदीवाल्याला तो मुद्दाम कमवावा लागतो.

आता 'दस मेसर', म्हणजे सुरी. जर्मनमध्ये पुल्लिंगी नामाआधी 'देअर', स्त्रीलिंगीआधी 'दी' आणि नपुंसकलिंगीआधी 'दस' लागतं. बसस्टॉपवर तुला काय वाटलं असेल ते मला कळतं, कारण माझंही तसं झालेलं आहे. पण एक सांग, लेक बरोबर कशामुळे बोलली? तिनं नियम पाठ केलेला नाही, तिच्या कानाला 'देअर मेसर' खुपलं. उद्या तुझ्यासमोर कुणी "तो खुर्ची" म्हणालं तर तुझ्याही कानाला खुपेल. तुझ्याकडे तीन लिंगं आहेत. हिंदीनं नपुंसकलिंग टाकून दिलं. मराठीनं, कोकणीनं, गुजरातीनं ते जपलं. केरळहून आलेल्या तुझ्या मैत्रिणींना विचार, मल्याळममध्ये वस्तूंना लिंगच नाही, 'देअर-दी-दस' म्हणजे त्यांना शून्यातून चढायचा डोंगर. तुला एवढंच करायचंय, की कुठली वस्तू कुठल्या लिंगाची ते नव्यानं लावायचं. स्वयंपाकघरातला खण उघड: 'देअर ल्योफेल', तो चमचा, हे जुळलं. 'दी गाबेल' म्हणजे आपला काटा, तो तिकडे स्त्रीलिंगी झाला. 'दस मेसर' म्हणजे आपली सुरी, ती तिकडे नपुंसक. तिन्ही गोष्टी हातात घेऊन मोठ्यानं बोल. नुसत्या वहीत लिहून ते बसत नाही.

यातलीच एक गंमत मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी वर्गात उठून उभी राहिले होते. 'दस मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि ती नपुंसकलिंगी! सगळे जण यावर डोकं आपटतात. पण ते '-शेन' हे लहानपणा दाखवणारं शेपूट आहे, आणि ते लागलं की जर्मनमध्ये शब्द नपुंसक होतो. आता आपल्याकडे बघ: वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू. तेही लहानपणाचं शेपूट, आणि ते लागलं की आपलाही शब्द नपुंसक. गाय ती, पण वासरू ते. लेक ती, पण लेकरू ते. "माझं लेकरू" म्हणताना तू लेकीला कमी लेखत नाहीस, जर्मन माणूसही 'दस मेडशेन' म्हणताना लेखत नाही. आणि तुझ्या गावच्या बोलीत तर '-शेन' नाही, '-ले' आहे. मेडले म्हणजे मुलगी, हॉइस्ले म्हणजे छोटं घर, ज्या श्पेट्सले तू कॅन्टीनमध्ये खातेस त्यांचं नावसुद्धा 'चिमण्यांची पिल्लं' असंच आहे. '-ले' आणि '-रू' जवळजवळ ठेवून बघ. माझ्या कानाला ते सख्ख्या बहिणींसारखे लागतात, जरी त्यांचं रक्ताचं नातं नसलं तरी.

होस्टेलवर तुझ्या "मी जेवलो"ला मुली हसल्या. त्यांना माहीत नव्हतं की कोल्हापूर-सांगलीकडे बाया पिढ्यानपिढ्या "मी आलो, मी गेलो" म्हणतात, आणि ते तिथलं व्याकरणच आहे. त्याला चूक म्हणायचं काही कारण नाही. मी सावंतवाडीची. पुण्यात आल्यावर मालवणी गिळायला शिकले, आणि ती पुन्हा तोंडात यायला वीस वर्षं लागली. म्हणून सांगते, श्वेबिशला 'बिघडलेली जर्मन' समजू नकोस. तुझ्या वॉर्डातल्या आजींनाही कधीतरी कुणीतरी मोठ्या शहरात हसलेलं असणार. ती बोली तुला बोलायची नाही, परीक्षाही प्रमाण जर्मनचीच आहे. पण ती तुला समजायला हवी, कारण माणूस दुखत असताना प्रमाण भाषेत बोलत नाही.

त्यासाठी एक लहान वही खिशात ठेव. रोज एक शब्द, तोही पेशंटला विचारून. "हे तुमच्याकडे कसं म्हणतात?" एवढं विचारलंस की म्हातारी माणसं उजळतात. 'हेब' म्हणाले तर उचलायचं नाही, धरायचं. 'टेपिष' मागितलं तर गालिचा नाही, पांघरूण द्यायचं. असे तीसेक शब्द झाले की तुझा निम्मा वॉर्ड तुला ऐकू यायला लागेल.

परीक्षेचं थोडक्यात. बोलण्याचा भाग तेवढाच पुन्हा देता येतो का ते केंद्रात विचार, अनेक ठिकाणी तशी सोय असते. गावातल्या फोक्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढांच्या शिक्षणकेंद्रात, संध्याकाळचे वर्ग असतात, तिथं बोलायला एक जोडीदारीण शोध, शक्यतो जिची मातृभाषा वेगळी आहे अशी. मग दोघींना इंग्रजीचा आसरा घेता येणार नाही. पाळी बदलताना जी यूबरगाबे, म्हणजे पेशंटांची माहिती, पुढच्या नर्सला देतेस, ती आदल्या रात्री फोनवर रेकॉर्ड करून ऐक, आठवड्यात तीनदा तरी. परीक्षकासमोर तुला मत मांडायचं असतं, आणि माझ्या मते तुला शब्द कमी पडत नाहीत, चूक होईल या भीतीनं तू वाक्य अर्ध्यावर सोडतेस. वाक्य पूर्ण कर, लिंग चुकलं तरी. 'झी' (तुम्ही) आणि 'डू' (तू) मात्र चुकवू नकोस. आपण आईला "अगं" म्हणतो, विठ्ठलाला "तू" म्हणतो आणि सासऱ्यांना "अहो". जर्मनही देवाला 'डू' म्हणतात. समोरच्या वयानं मोठ्या माणसानं 'डू'ची परवानगी देईपर्यंत 'झी'. तू मला पत्राच्या शेवटी अगं-तुगंची परवानगी दिलीस ना, तसंच ते असतं, फक्त तिकडे ती वयानं मोठ्या माणसानं द्यायची असते.

आता मिस्टरांच्या म्हणण्याबद्दल. त्यांचा हेतू वाईट नाही. माझाही नव्हता. माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा आम्हालाही कुणीतरी असंच सांगितलं, आणि आम्ही दोन वर्षं घरात जर्मन बोललो. माझं जर्मन तेव्हा पुस्तकी होतं. त्यात रागावता येत होतं, सूचना देता येत होत्या, पण लाड करता येत नव्हते. "सोन्या", "गुंड्या", "अरे माझ्या राजा" याला माझ्याकडे जर्मन शब्द नव्हते आणि शब्दकोशात शोधून लाड होत नाहीत. मुलाचं जर्मन माझ्यामुळे सुधारलं नाही, ते बालवाडीमुळे सुधारलं. माझ्याकडून त्यानं माझ्या चुका घेतल्या. माझ्या आईचा सावंतवाडीहून फोन यायचा, ती म्हणायची, "कसो आसस रे बाळा?" आणि तो रिसीव्हर माझ्या हातात देऊन विचारायचा, "वास झाक्ट झी?" ती काय म्हणतेय? ती त्याची खुशाली विचारत होती. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्या दोघांचं सलग असं बोलणं कधी झालंच नाही. ते मी केलं, आणि ते आता दुरुस्त होत नाही.

मुलं दोन भाषांत गोंधळतात ही भीती काढून टाक. एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळणं हा त्यांच्या शिकण्याचाच भाग आहे. तुझी लेक शाळेत, मैदानावर, टीव्हीवर जर्मन ऐकतेच आहे, ती तिथं कुठेही मागे पडणार नाही. भाषांचं काम करणारे जाणकार आईबापांना हेच सांगतात: जी भाषा तुम्हाला सगळ्यात चांगली येते, तीच मुलाशी बोला, कारण मुलाला गोष्ट, कारण, राग, गंमत हे सगळं भरभरून ऐकायला मिळायला हवं. ती जर्मनमध्ये उत्तर देते ना? देऊ दे. तिला मराठी समजतं म्हणूनच ती उत्तर देते! "मराठीत बोल" म्हणून दटावू नकोस. ती 'हुंगर' म्हणाली, तर "भूक लागली होय गं? काय खातीस, चपाती का भात?" एवढंच म्हण आणि पुढं जा.

तुझ्या वॉर्डातलंच एक बघ. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीनं १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणायचे करार केले. तेव्हा तरुण म्हणून आलेली माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत आणि तुझ्यासारख्या नर्सेसच्या देखरेखीखाली आहेत. स्मृतिभ्रंश झाला की मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते आणि लहानपणची राहते. पन्नास वर्षं जर्मन बोललेले आजोबा रात्री तुर्की बोलू लागतात. अशा वेळी त्यांच्या उशाशी बसलेल्या नातवाला तुर्की येत असेल, तर तो त्यांना पाणी हवंय की भीती वाटतेय हे सांगू शकतो. तू हे पाहिलं असशील, मी फक्त आठवण करून देते.

आणखी एक माणूस तुला सांगायचाय. तुझ्या गावाहून ट्यूबिंगन फार लांब नाही, एखाद्या सुट्टीच्या रविवारी लेकीला घेऊन जा. फर्डिनांड किटेल नावाचे एक धर्मोपदेशक १९०३ मध्ये तिथं वारले. मूळचे उत्तर जर्मनीच्या समुद्रकाठच्या ओस्टफ्रिसलँडचे. १८५३ मध्ये बासेल मिशनतर्फे कर्नाटकात आले, कानडी शिकले, आणि सुमारे ७०,००० शब्दांचा कानडी-इंग्रजी कोश तयार केला. तो १८९४ मध्ये मंगळूरला छापला गेला. बंगळूरला त्यांचा पुतळा आहे. जतच्या घराघरांत बोलले जाणारे शब्द एका जर्मन माणसानं वर्षानुवर्षं जमवले, आणि तो तुझ्या शेजारच्या गावात विसावला. परकी भाषा शिकताना आपलं हसं होईल असं त्यांनाही वाटलं असेलच. आणि ओस्टफ्रिसलँडमध्ये आजही प्लाटडॉइच बोलतात, ती जर्मनीत संरक्षण मिळालेली प्रादेशिक भाषा आहे. पूर्वेला बाउट्सनकडे स्टेशनांवर पाट्या जर्मन आणि सोर्बियन, म्हणजे तिथल्या स्लाव्ह लोकांची भाषा, अशा दोन भाषांत आहेत. त्या सोर्बियनमध्ये संस्कृतासारखं द्विवचन अजून जिवंत आहे. जर्मनीत एकच भाषा आहे असं तुला जे वाटतंय, तसं तिथं कधीच नव्हतं. तुझ्या मराठीला तिथं पाहुणी म्हणून अंग चोरून बसायची गरज नाही.

राहिला २६ सप्टेंबर. युरोपात तो भाषांचा दिवस २००१ पासून साजरा होतो. लेक म्हणते मराठी येत नाही, तर तिला गाणं पाठ करायला बसवू नकोस, ते तिच्यावर ओझं होईल. तिला चार कागद दे आणि चार चित्रं काढू दे: वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू. शाळेत तिनं एकेक चित्र दाखवून शब्द म्हणायचा, आणि वर्गातल्या पोरांनी त्याला आपल्या बोलीतला शब्द द्यायचा: केल्ब्ले, लेम्ले, फ्योगेले. '-रू' आणि '-ले' त्या पोरांना लगेच ऐकू येईल, कुणी समजावून सांगायला नको. तू बाईंना आदल्या दिवशी एवढं सांगून ठेव, जर्मनमध्ये, 'झी' म्हणून. तुझ्या परीक्षेचा तेवढाच सराव.

त्याच्या आधी जतला फोन लाव आणि तो लेकीच्या हातात दे. वासराला तुमच्या भागात अजून काय म्हणतात ते तिला आजीला विचारू दे. कानडी येणारं कुणी जवळ असेल तर "करू" असं उत्तर येईल, आणि कदाचित मागं गोठ्यातून एखादं वासरू हंबरलेलंही ऐकू येईल. ते पाचव्या कागदावर काढायला सांग.